घरातली नोंदवही

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-चार ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



‘मुलांच्या प्रगतीत पालकांचा वाटा’ असा विषय मला देण्यात आला होता. विषय उत्तम आहे. पण या व्यासपीठावरून तो आपण अनेकदा ऐकला आहे, आणि माझ्याहून मोठ्या माणसांकडून ऐकला आहे. म्हणून अध्यक्षसाहेबांची परवानगी घेऊन मी आज थोडे घरातले बोलणार आहे. माझ्या घरातले आणि तुमच्याही घरातले.

जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी मी टेबलावर बसलेला असतो. फॉर्म भरून घेणे हे माझे काम. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, इथवर गाडी सुरळीत चालते. आईचे नाव विचारले की बाप जरा थांबतो. आधार कार्डावर फातिमा, रेशन कार्डावर फातमाबी, मोठ्या मुलाच्या दाखल्यावर फातेमा. मग तो मलाच विचारतो, “सर, कोणता लिहू?” मी काय सांगणार? बायको त्याची आहे.

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी एक काम दिले. आपल्या दादा-दादीची आणि नाना-नानीची पूर्ण नावे लिहून आणा, आणि जमल्यास त्यांच्या आईबापांची. इतिहासाचा तास होता, म्हटले आधी घरचा इतिहास पाहू. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. निम्म्याहून अधिक मुलांच्या वहीत नानीच्या नावापुढे ‘नानी’ एवढेच लिहिलेले. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले होते, “नानीला सगळे नानीच म्हणतात, नाव कोणालाच माहीत नाही.” मी हसलो. रात्री घरी येऊन स्वतः तोच तक्ता लिहायला बसलो आणि माझे हसू बंद झाले. दादीच्या आईच्या जागी मला काहीच लिहिता येईना. तिचा मुलगा कोण, भाऊ कोण, कोणत्या गावची, सगळे ठाऊक. नाव नाही.

आपण कोकणी मुसलमान पूर्वजांचा विषय निघाला की फार लांब जातो. अरबस्तानातून गलबते घेऊन आलो, हे प्रत्येक घरात सांगतात. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. अल्-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या किनाऱ्यावर आला होता. त्या वेळी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, हजारोंच्या संख्येने मुसलमान राहत होते असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे अकराशे वर्षे झाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण एक विचार करून पाहा. व्यापाराला आलेले ते लोक बायकामुले बरोबर घेऊन आले असतील का? बहुतेक एकटेच आले आणि इथेच त्यांनी घरे केली. त्यांच्या घरात ज्या बायका आल्या, त्या इथल्याच. आज आपण घरात अरबी बोलत नाही. भांडताना, लहान मुलाला झोपवताना, मासळीचा भाव करताना जी बोली आपल्या तोंडी येते, ती त्या बायकांची आहे. गलबतातून आलेल्याचे नाव आपण शजऱ्यात लिहितो आणि जिची भाषा बोलतो तिचे नाव कुठेच नाही. आमच्याही घरात असा शजरा आहे, चौकटीत लावलेला. सात पिढ्या आणि सगळे पुरुष. वाचणाऱ्याला वाटावे, या घराण्यात कधी कोणी बाईमाणूस नव्हतेच.

असो. आता माझ्या अब्बांची हकीकत सांगतो, कारण याच शजऱ्याच्या घरात ती घडली.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करायला लावत नाही, पण बरेच हात वर येतील याची मला खात्री आहे. पूर्वी मूल शाळेत घालायला नेले की मास्तर विचारत, किती वर्षांचा? घरचा माणूस अंदाजाने सांगे, सात-आठ असेल. शाळेचे वर्ष जूनला सुरू होई, तेव्हा मास्तर १ जून टाकून मोकळे होत. माझ्या अब्बांना त्यांच्या मामाने शाळेत नेले. अब्बा हाडापेराने मोठे दिसत. मामा म्हणाले, आठ. मास्तरांनी लिहिले, १ जून १९४५. त्यात मास्तरांचा दोष मी मानत नाही. समोरचा माणूस जे सांगेल तेच ते लिहिणार. त्यातून आम्हा सगळ्यांना पुढे काय भोगावे लागेल, हे त्या दोघांपैकी कोणाच्या मनात येणार?

अब्बा सरकारी कचेरीत कारकून झाले. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली म्हणून ३१ मे २००३ रोजी निवृत्त झाले. त्याच वर्षी माझ्या आपाचे लग्न ठरले होते आणि मी दहावीत गेलो होतो. दादी नेहमी सांगायची, हा रामदास बोटीच्या वर्षाचा. म्हणजे अब्बांची नोकरी खरे तर ऑगस्ट २००५ अखेरपर्यंत चालायला हवी होती. दोन वर्षे आणि तीन महिन्यांचा पगार गेला. आपाच्या लग्नासाठी घरामागची आंब्याची पाच कलमे ज्या तुकड्यात होती तो तुकडा विकावा लागला. ती कलमे आज दुसऱ्याच्या कुंपणात आहेत, आणि एप्रिलमध्ये गावी गेलो की मी त्या बाजूने जात नाही.

तुम्ही विचाराल, दादीला ठाऊक होते तर दुरुस्ती का केली नाही? केली असती, पण वेळ गेली होती. नोकरीत लागल्यावर सुरुवातीच्या काही वर्षांतच अशी दुरुस्ती मागावी लागते. अब्बांना ते कळले तेव्हा निवृत्ती दहा वर्षांवर आली होती. दादीला घेऊन ते कचेरीत गेले. तिने आपल्या परीने सगळे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले आणि विचारले, कागद आहे का? कागद नव्हता. दादी २००१ साली गेली.

तिच्या बोलण्याबद्दल मला इथे थोडे सांगितलेच पाहिजे. दादी निरक्षर होती, पण तिच्या डोक्यात एक कॅलेंडर होते. ती स्वतः मानमोडीच्या साथीच्या वेळी अंगावर पीत होती, म्हणजे १९१८. मोठी फुफी पाच वर्षांची असताना मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाला आणि दादा जहाजावर आहेत की गोदीत आहेत हे आठ दिवस कळले नाही. तो १४ एप्रिल १९४४. धाकट्या फुफीचा निकाह भूकंपाच्या आठवड्यात, म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. भिंतीला तडा गेला होता आणि तिथेच पंगत वाढली, असे ती सांगे. तडा मी पाहिला आहे.

आणि अब्बांचा जन्म. आमचे गाव अलिबाग तालुक्यात, रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या भागात असे गाव नसेल जिथे कोणी रडले नाही. आमच्या आळीतली दोन घरे त्या दिवशी बंद झाली ती बंदच राहिली. दादी सांगे, “बोट बुडाली, मागं दोन-तीन दिवसांनी रमजान लागला. पुऱ्या रमजानभर कोणाच्या घरी काय गोड केलं नाय. ईद झाली आणि सातव्या दिवशी हा झाला.”

विद्यार्थी मित्रहो, इथे तुमच्यासाठी एक गणित आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते इंग्रजी वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान कधी पावसाळ्यात येतो, कधी थंडीत, आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. आपली म्हातारी माणसे वय सांगतात त्यात आणि दाखल्यावरच्या वयात एक-दोन वर्षांचा फरक पडतो, त्याचे एक कारण हेही आहे. पण म्हणून त्यांचे सांगणे चुकीचे ठरत नाही. मी हिशेब मांडून पाहिला. जुलै १९४७ ची अमावास्या बोटीच्याच वेळची. तेव्हा रमजान लागला तो खरोखरच दोन-तीन दिवसांनी. स्वातंत्र्य मिळाले ते त्याच रमजानच्या शेवटच्या दिवसांत. ईद ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. तिच्यापासून सातवा दिवस धरला तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा येतो. निरक्षर बाईने पन्नास वर्षे तारीख सांभाळली होती, फक्त ती कचेरीच्या भाषेत नव्हती.

आणखी एक. आपल्याकडे बिस्मिल्ला करतात तो चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाल्यावर. दादीने अब्बांचा बिस्मिल्ला नेमका दिवस मोजून केला होता. म्हणजे मूल साडेचार वर्षांचे होईपर्यंत आपण एकेक दिवस मोजतो, नवे कपडे शिवतो, मिठाई वाटतो. आणि त्याच मुलाला शाळेत नेताना “असेल आठ वर्षांचा” म्हणतो! हे त्या काळच्या माणसांना नावे ठेवायला मी सांगत नाही. माझ्या टेबलासमोर आजही अशी घरे येतात. फरक इतकाच की आता त्यांच्याकडे जन्माचा दाखला असतो, पण त्यावरचे नाव एक आणि घरी हाक मारायचे, तोंडी सांगायचे नाव दुसरेच.

अब्बा २०१८ साली गेले. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्या घराचे पत्रे उडाले आणि दादीची पत्र्याची पेटी पाण्यात भिजली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर अंगणात दोऱ्या बांधून आम्ही कागद वाळत घातले. दादांचे जहाजाचे पुस्तक, त्यावर त्यांचा तरुणपणीचा फोटो, टोपी जरा तिरकी. बंदरा-बंदरातून आलेली पत्रे, बरीचशी शाई वाहून गेलेली. खलाशाच्या पगारातला काही भाग दरमहा परस्पर घरी मिळे, त्याचा एक कागद होता. त्यावर ज्या बाईला पैसे द्यायचे तिचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. दादीचे पूर्ण नाव, तिच्या बापाच्या नावासकट, मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचले. सगळ्या गावाची बडीअम्मा ती. पैसे मिळायचे होते म्हणून तिचे नाव लिहिले गेले, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

मोठी फुफी ओट्यावर बसून हे सगळे बघत होती. म्हणाली, “सगळ्यांचे कागद निघाले. माजा कायच नाय का रे?”

मी म्हटले, फुफी, तुझे कागद तुझ्या सासरी असतील. ती म्हणाली, “सासरी कसले? मी शाळेत जात होते.”

खरे सांगतो, फुफी कधी शाळेत गेली होती हे मला माहीत नव्हते. ती सही करते हे पाहिले होते, पण कुठे शिकलीस असे आम्ही कोणी विचारले नव्हते. तिने मग सांगितले. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लावला आणि सगळ्या मुलांना पेढा वाटला. हिचा रोजा होता. आठ वर्षांच्या पोरीने पेढा फडक्यात बांधून घरी आणला आणि मगरीबची अजान होईपर्यंत चार वेळा उघडून पाहिला. हे सांगताना ती हसत होती.

पुढे शाळा सुरू झाल्यावर मी गावच्या शाळेत गेलो. पूर्वीची लोकल बोर्डाची शाळा. मुख्याध्यापकांनी ओळख धरून जुने जनरल रजिस्टर काढून दिले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर अजून टवटवीत. अब्बांची नोंद आधी सापडली. १ जून १९४५. तिच्याकडे मी थोडा वेळ बघत बसलो. मग मागची पाने उलटत गेलो. तिथे फुफी होती. प्रवेश जून १९४५. शाळा सोडल्याची तारीख सप्टेंबर १९४७, इयत्ता दुसरी. सोडल्याचे कारण या रकान्यात लिहिले होते, ‘घरकाम’.

घरी येऊन मी फुफीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “घरकाम कसला? तुजा बापूस होता.”

दादी बाळंतीण, दादा जहाजावर, घरात दुसरे कोणी नाही. महिन्याच्या भावाला सांभाळायला दुसरीतली पोर घरी राहिली आणि परत कधी गेली नाही. ज्या रजिस्टरात अब्बांची तारीख चुकीची पडली, त्याच रजिस्टरात त्यांच्या खऱ्या जन्माचा पुरावा पडून होता. बहिणीच्या शाळा सोडण्याच्या रूपाने. कचेरीत तो चालला असता की नाही, मला ठाऊक नाही. चालला असता तरी मिळाला तेव्हा ज्याच्या उपयोगाचा होता तो माणूस राहिला नव्हता.

पण मला जास्त लागले ते दुसरेच. आमच्या घरात अब्बांचे मोठे कौतुक. घराण्यातला पहिला मॅट्रिक, पहिला सरकारी नोकर. ते शिकले म्हणून मी बी.ए., बी.एड. झालो आणि आज तुमच्यासमोर उभा आहे. हे मी कितीतरी वेळा अभिमानाने सांगितले आहे. त्या सांगण्यात फुफी कधी नव्हती. आणि तिने ‘मी घरी राहिले म्हणून’ हे शब्द एकदाही काढले नाहीत. त्या दिवशीसुद्धा काढले नाहीत. तिने फक्त रकान्यातली चूक सांगितली.

मी त्या रजिस्टरावरून फुफीचा रीतसर दाखला मागून घेतला. तो आणून तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “आता मला तिसरीत घेशील का?” ती आज शहाऐंशीच्या पुढे आहे. दाखला तिने उशीखाली ठेवला आहे.

मित्रहो, कायदा आता पुष्कळ पुढे गेला आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात बदल झाला आहे. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी, मतदार यादीसाठी, सरकारी नोकरीसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा असणार आहे. तेव्हा दवाखान्यातून घरी येण्याआधी नावाचे स्पेलिंग नीट पाहून घ्या. आपल्या नावांत ‘क’ आणि ‘ख’, ‘ज’ आणि ‘झ’ यांची अदलाबदल सहज होते. दुसरी गोष्ट महाराष्ट्र सरकारने केली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम धरला आहे. काहीजण यावर कुरकुर करतात, नाव फार लांब होते म्हणतात. मला तो क्रम आवडला. ‘नानी’ लिहिलेल्या त्या वह्या आठवल्या की फारच आवडतो.

पण सरकारी दाखल्यात पेढा येत नाही, भिंतीचा तडा येत नाही. त्यासाठी घरातच एक वही पाहिजे. दोनशे पानी घ्या, चांगल्या पुठ्ठ्याची. मुलांनो, हे काम तुमचे. येत्या सुट्टीत दादीजवळ, नानीजवळ बसा. “तुझी जन्मतारीख काय?” असे विचारू नका, ती “मला काय माहीत” म्हणेल आणि विषय संपेल. तुझे लग्न झाले तेव्हा पाऊस होता का, रोजे कोणत्या दिवसांत होते, गावात त्या वर्षी काय झाले होते, घरी एस.टी.ने आलीस की होडीने, असे विचारा. मग पाहा, किती निघते. सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. तारीख नंतर आपण शाळेत मिळून काढू. मी मदत करीन. आणि घरात कोणाच्या शिक्षणासाठी कोणी शाळा सोडली, कोणाच्या लग्नासाठी काय विकले, हेही विचारा. मोठ्या माणसांनी अशा वेळी “हे कशाला लिहायचे” म्हणून मुलांना गप्प करू नये, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

आमच्या घरातल्या शजऱ्याची चौकट मी उघडली आहे. त्यात नवा कागद घालायचे काम चालू आहे. दादीचे नाव लागले, फुफी लागल्या, आपा लागली, माझी मुलगी लागली. दादीच्या आईची जागा अजून रिकामी आहे. तिच्या माहेरच्या बाजूचे एक वयस्कर गृहस्थ पनवेलला असतात असे कळले आहे. पुढच्या रविवारी फुफीला घेऊन त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे.